मोटारीतला कोणता किलो काढावा?

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली मोटार बहुधा १००० किलोग्रॅम वस्तुमानाची असते. तिचे इंजिन पुढे आहे की मागे, चाके पोलादाची की ॲल्युमिनियमची, टपाचा पत्रा किती जाड, याची कोणी चौकशी करीत नाही. सपाट रस्त्यावर ती उभी असते, तिला अमुक इतके न्यूटन बल लावले जाते, विद्यार्थी तिचे त्वरण काढतो आणि दोन गुण मिळवून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. सुरुवात म्हणून हे ठीकच आहे. पण या ठोकळ्यासारख्या मोटारीमुळे मुलांच्या मनात एक समजूत घट्ट बसते, ती अशी की किलो म्हणजे किलो. तो मोटारीत कोठेही असला तरी परिणाम एकच. माझे मत असे आहे की ही समजूत शाळेतच मोडली पाहिजे. आणि ती मोडण्यासाठी अमेरिकेतल्या जुन्या 'मसल कार' व त्यांचे वजन घटवण्याकरिता लोकांनी केलेल्या खटपटी यांच्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

'मसल' म्हणजे स्नायू. आपण या गाड्यांना पहिलवान मोटारी म्हणू. पाँटियाक कंपनीने १९६४ च्या टेम्पेस्ट या आपल्या मध्यम आकाराच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले आणि 'जीटीओ' या नावाने ती विकायला काढली. पाँटियाक ज्या जनरल मोटर्सचा एक विभाग होती, तिथे मध्यम गाड्यांना एवढे मोठे इंजिन लावायचे नाही असा नियम होता. म्हणून हे इंजिन 'गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय' या सदराखाली विकले गेले. गाडी तडाखेबंद खपली. मग फोर्ड, शेव्हरोले, डॉज, प्लिमथ सगळेच या आखाड्यात उतरले. मस्टँग, कॅमॅरो, चार्जर, रोड रनर ही त्या काळची गाजलेली नावे. यांतील काहींना सात लिटरचे इंजिन असे. सात लिटर म्हणजे किती? आपल्याकडे कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे सगळे इंजिन १.१ लिटरच्या आत होते. या पहिलवानांचा एकेक सिलिंडरच पाऊण लिटरहून मोठा!

१९७० नंतर विम्याचे वाढलेले हप्ते, धुरावरचे निर्बंध आणि १९७३ ची तेलटंचाई यांमुळे या गाड्यांचा बहर ओसरला. परंतु त्यातल्या उरलेल्या गाड्या शौकीन लोकांनी जपल्या आहेत. ते त्या दुरुस्त करतात, शर्यतीत उतरवतात, आणि त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हटकून येतो: गाडीचे वजन कसे कमी करावे? जो तो आकडा सांगतो. कोणी ऐंशी किलो काढले, कोणी दीडशे. कुठले दीडशे, हे विचारणारा मात्र विरळा.

आधी वजन घटवून मिळते काय ते पाहू. अमेरिकेत पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची सरळ शर्यत लोकप्रिय आहे. गाडी उभ्या स्थितीतून सुटते आणि रेषा ओलांडायला लागलेला वेळ मोजतात. चाकांपर्यंत पोचणारी शक्ती कायम राहते आणि हवेचा विरोध नाही असे मानले, तर गणित सोपे होते. ठरावीक वेळात इंजिनाने दिलेली ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ. ती सारी गतिज ऊर्जेत गेली असे धरून वेग काढायचा आणि वेगावरून अंतर. ज्यांना इंटिग्रेशन येते त्यांनी स्वतः करून पाहावे. उत्तर असे येते की, लागणाऱ्या वेळेचा घन हा वस्तुमान भागिले शक्ती या गुणोत्तराच्या प्रमाणात असतो.

चालकासह गाडी १७०० किलोची आणि चाकांवरची शक्ती २०० किलोवॅट (सुमारे २७० अश्वशक्ती) धरली तर वेळ ११.५६ सेकंद येतो. खऱ्या गाडीला जास्त लागेल, कारण सुटताना टायर घसरतात आणि हवा काही फुकट वाट देत नाही. आता वस्तुमान एक दशांशाने, म्हणजे १७० किलोने कमी करा. वेळ ११.१६ सेकंद होतो. चार दशांश सेकंद! ऐकायला किरकोळ वाटते, पण रेषेजवळ हलकी गाडी सेकंदाला ५४ मीटर वेगाने धावत असते. त्या चार दशांशात ती २१ मीटर पुढे जाते, म्हणजे चार मोटारींची लांबी. शर्यतीत एवढे अंतर म्हणजे निकालच.

इथे कोणी म्हणेल की, गुणोत्तरच महत्त्वाचे असेल तर वस्तुमान दहा टक्के कमी करण्याऐवजी शक्ती अकरा टक्के वाढवली तरी तेच झाले. सरळ रेषेपुरते हे खरे आहे. (जाता जाता एक सूचना: अमेरिकी जाहिरातींतले १९७१ पर्यंतचे अश्वशक्तीचे आकडे हे बाहेर काढून, बरीचशी जोडयंत्रे सोडवून चालवलेल्या इंजिनाचे असत. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतले आकडे देऊ लागले. त्यामुळे एका वर्षात इंजिने एकदम अशक्त झाली असे जे दिसते, त्यातला बराच भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे.) पण गाडीला नुसते पळायचे नसते, थांबायचे आणि वळायचेही असते. तिथे इंजिनाची अश्वशक्ती कामाला येत नाही.

थांबण्याचा विचार करताना हुशार विद्यार्थी एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. ब्रेक दाबल्यावर घर्षणबल वजनाच्या प्रमाणात असते, थांबवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात. म्हणजे वस्तुमान दोन्हीकडून कटून जाते आणि थांबण्याचे अंतर फक्त वेगावर व घर्षणांकावर ठरते. मग गाडी हलकी करून काय साधले? पहिली गोष्ट, रबरी टायर पुस्तकातला नियम काटेकोरपणे पाळत नाही. त्याच्यावरचा भार वाढत गेला की त्याचा घर्षणांक थोडाथोडा उतरतो; म्हणून हलकी गाडी रस्त्याला किंचित जास्त चांगली धरून असते. दुसरी गोष्ट उष्णतेची. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या १७०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा ७६५ किलोज्यूल होते. ब्रेक लावले की यातली बहुतेक उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्येच उतरते. एवढ्या उष्णतेने सव्वादोन लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. त्या काळच्या अनेक पहिलवान मोटारींना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. बंद डब्यातल्या या ब्रेकना थंड व्हायला वेळ लागतो. लागोपाठ तीन-चार वेळा जोरात थांबवले की त्यांची पकड ढिली पडते. वस्तुमान दहा टक्के कमी, तर उष्णताही दहा टक्के कमी. इंजिन मोठे केले तर उलट वेग वाढतो आणि उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. काढायचा किलो कुठला?

टायरच्या बाहेरच्या कडेवरचा किलो घ्या. गाडीबरोबर तो पुढे तर जातोच, शिवाय फिरतोही. कडेवरच्या कणाचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगाइतकाच असतो, म्हणून सरळ गतीची जेवढी ऊर्जा तेवढीच फिरण्याची. वेग वाढवताना हा किलो दोन किलोंसारखा वागतो. पोलादी रिम काढून ॲल्युमिनियमची घातली तर? १४ इंची रिमच्या कडेची त्रिज्या सुमारे १८ सेंटिमीटर, टायरसकट चाकाची ३३ सेंटिमीटर. त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की ०.३ येतो, म्हणजे रिमवरचा किलो फार तर १.३ किलोंइतका. शौकीन मंडळी 'चाकातला एक किलो म्हणजे अंगातले चार किलो' असे छातीठोकपणे सांगतात, ते या हिशेबात बसत नाही. चाकाबरोबर फिरणारी कोणतीही वस्तू दोनपेक्षा जास्त भरू शकत नाही. हलक्या रिमचा खरा फायदा दुसराच आहे. चाक स्प्रिंगच्या खाली असते. ते हलके असले की खड्ड्यातून वर उडून चटकन रस्त्यावर परत टेकते, आणि टेकलेल्या चाकालाच पकड असते.

मात्र इंजिनाच्या मागे बसवलेले फ्लायव्हील पाहा. ते चाकाबरोबर फिरत नाही, इंजिनाबरोबर फिरते. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे आठ-नऊ फेरे होतात. फ्लायव्हीलच्या मध्यापासून १३ सेंटिमीटरवर असलेल्या एका किलोचा हिशेब पावणेनऊ फेरे धरून करा. १३ ला ८.७५ ने गुणून ३३ ने भागले आणि वर्ग केला की जवळजवळ १२ येतात. हा किलो नुसता बसून प्रवास करीत असता तर एकच भरला असता. फिरण्यामुळे त्याला आणखी बारा किलोंची भर पडते! वरच्या गिअरमध्ये हीच भर दोनच्या आत येते. एकाच गाडीतला, एकाच जागचा किलो गिअर बदलला की आपली किंमत बदलतो. ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. (फ्लायव्हील फार हलके केले की इंजिन संथ चालीत गचके देते, हेही लगेच सांगावे; नाही तर कोणी तरी घरच्या गाडीवर प्रयोग करायचा.)

जागेचे महत्त्व दाखवणारे माझे सर्वांत आवडते उदाहरण फोर्डच्या 'थंडरबोल्ट'चे आहे. १९६४ मध्ये फोर्डने खास पाव मैलाच्या शर्यतीसाठी फेअरलेन या गाडीचे सुमारे शंभर नग असे तयार केले की त्यांचे बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरग्लासचे, आणि बाजूच्या खिडक्या काचेऐवजी प्लास्टिकच्या. जिथून किलो निघेल तिथून काढला. आणि एवढे करून याच लोकांनी डिकीत, उजव्या मागच्या चाकाजवळ, मुद्दाम एक भली जड बॅटरी बसवली!

यात वेडेपणा नव्हता. या गाडीत ढकलणारी चाके मागची, तर सात लिटरचे बिडाचे धूड पुढे. शर्यत सुटताना मागच्या टायरवर भार नसेल तर ते जागच्या जागी फिरून धूर काढत बसतात. तरफेचा नियम लावून पाहा. उदाहरणादाखल पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये २.७५ मीटर अंतर आहे असे धरा. २० किलोची बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या मागे ०.३ मीटरवर होती, ती मागच्या ॲक्सलच्याही मागे अर्धा मीटरवर नेली. बॅटरी २.९५ मीटर सरकली. मागच्या चाकांवरचा भार २० गुणिले २.९५ भागिले २.७५, म्हणजे जवळजवळ साडेएकवीस किलोंनी वाढला आणि पुढचा तेवढाच घटला. एक ग्रॅमही वजन न वाढवता! आणि उजवीकडेच का? इंजिन दांड्यामार्फत मागच्या ॲक्सलला पीळ देते तेव्हा ॲक्सलची उजवी बाजू उचलली जाऊ पाहते. त्या बाजूला भार ठेवला की दोन्ही टायर सारखे दाबले जातात.

आता न पटणाऱ्या गोष्टीकडे वळतो. पत्रा पातळ करण्यासाठी गाडीचे अंग आम्लात बुडवण्याची एक पद्धत त्या काळी निघाली. आम्ल पोलाद खाते, पत्रा सर्व बाजूंनी सारखा झिजतो, आणि बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. रॉजर पेन्स्के यांच्या संघाने १९६७ मध्ये ट्रान्स-ॲम शर्यतींसाठी कॅमॅरोचे अंग असे बुडवून हलके केले. चालवणारे होते मार्क डोनोह्यू, स्वतः इंजिनियर आणि विलक्षण डोकेबाज माणूस. गाडी इतकी हलकी झाली की किमान वजनाच्या नियमाखाली गेली आणि पंचांशी वाद झाले. शिवाय टपाचा पत्रा इतका पातळ झाला होता की त्याला सुरकुत्या पडल्या. १९६८ मध्ये या संघाने टपावर शोभेचे व्हायनिलचे आवरण चढवले. सुरकुत्या झाकल्या गेल्या. त्या वर्षी १३ पैकी १० शर्यती डोनोह्यू यांनी जिंकल्या.

टप का सुरकुतला? पत्र्याचे वजन त्याच्या जाडीच्या प्रमाणात असते, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. मोटारीचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाड धरू. आम्लाने तो ०.७ केला. वजन २२ टक्के घटले. ताठपणा मात्र निम्म्याहून कमी उरला. विकत घेतलेला माल स्वस्त आणि मोजलेली किंमत महाग, असा हा सौदा. उलट बाजूने पाहा. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश आणि ताठपणाचा गुणांकही तितकाच कमी. पण पत्रा ४२ टक्के जाड घेतला की घनाच्या नियमाने ताठपणा पोलादाइतका होतो आणि वजन तरीही निम्मेच राहते. तोच घनाचा नियम एकाला बुडवतो आणि दुसऱ्याला तारतो. म्हणून माझे म्हणणे असे की, आम्लाची युक्ती चतुराईची असेल, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने वजन घटवण्याची ती सर्वांत वाईट पद्धत आहे. शिवाय जोडांच्या फटीत राहिलेले आम्ल धुऊन निघत नाही आणि पुढे कित्येक वर्षे आतून गंजवत राहते.

भोके पाडण्याचा प्रकार याहून थोडा शहाणा, पण थोडाच. १९६३ मध्ये पाँटियाकने कॅटेलिना या मोठ्या गाडीचे सुमारे १४ नग शर्यतीसाठी केले. त्यांच्या चासीच्या पोलादी दांड्यांना इतकी भोके पाडली होती की लोक त्यांना 'स्विस चीज' म्हणू लागले. (त्याच वर्षी जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावले, जीटीओचा जन्म झाला तो त्यानंतरच्या रिकामपणात.) भोके पाडायला काही शास्त्र आहे का? आहे. आडव्या दांड्यावर भार आला की तो वाकतो; वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या थरावर फारसा ताण येत नाही. रेल्वेचा रूळ मध्ये बारीक आणि वर-खाली रुंद असतो तो याचसाठी. तेव्हा दांड्याच्या उभ्या बाजूच्या मध्यावर भोके पाडली तर वाकण्यापुरते नुकसान कमी. तेच वरच्या किंवा खालच्या पट्टीत पाडले तर अनर्थ. ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या काठाशी ताण सभोवतालच्या तिप्पट असतो, हे किर्श यांनी १८९८ मध्येच गणिताने दाखवले होते. दर धक्क्याला तिथेच तडा जायला सुरुवात होते. भोकांच्या रेषेवर टपाल तिकिटे कशी अलगद फाटतात ते आठवा.

पाव मैल धावून पुन्हा ट्रेलरवर चढणाऱ्या गाडीचे एक वेळ सोडून देऊ. पण हीच गाडी रस्त्यावर बायकामुलांना घेऊन जाणार असेल तर? १९६८ मध्ये डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा यांच्या थोड्या गाड्या मोठे हेमी इंजिन घालून केवळ शर्यतीसाठी बनवल्या गेल्या. दारे आम्लाने पातळ केलेली, काचा हलक्या, काच वर-खाली करायला हँडलऐवजी पट्टा, मागचे आसन नाही, हीटर नाही. सर्वसाधारण रस्त्यावरच्या वापरासाठी ही गाडी नाही, अशी सूचना कारखान्यानेच आत चिकटवली होती. कंपनीने हात झटकले असे काही जण म्हणतात. मला तर ती चिठ्ठी प्रामाणिक वाटते. पुढे अनेक शौकिनांनी आपल्या रस्त्यावरच्या गाडीत त्याच काटछाटीची नक्कल केली आणि चिठ्ठी तेवढी विसरले.

दारातली आडवी पोलादी पट्टी घ्या. बाजूने धडक बसली तर दार आत घुसू नये म्हणून ती असते. अमेरिकेत १९७३ पासून दारांच्या मजबुतीचा नियमच आला. किंवा बंपरमागचे जाड लोखंड, आसनाच्या पट्ट्याची नांगरपट्टी, खांब. ही सगळी जड आहेत, दिसत नाहीत, आणि रोजच्या प्रवासात काहीच करीत नाहीत. काट्यावर गाडी ठेवून यादी करणाऱ्याला ती आधी दिसतात. शिवाय मस्टँग, चार्जर यांसारख्या गाड्यांना वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि टप मिळूनच सांगाडा होतो. तिथला तुकडा कापला की गाडी वळणावर पिळवटते, दारे नीट लागेनाशी होतात आणि धडकेत तर विचारायलाच नको.

मग काय काढावे? सुदैवाने या पहिलवानांच्या अंगावर निरुपयोगी चरबी भरपूर आहे आणि ती बहुतेक पुढेच आहे. बिडाचे सिलिंडर हेड काढून ॲल्युमिनियमचे घातले तर दोन्ही मिळून वीस ते तीस किलो जातात. बिडाचा इन्टेक मॅनिफोल्ड बदलला की आणखी दहा-पंधरा. एक्झॉस्टचे बिडाचे मॅनिफोल्ड काढून पोलादी नळ्या, तांबे-पितळेच्या रेडिएटरऐवजी ॲल्युमिनियमचा, फायबरग्लासचे बॉनेट, छोटा स्टार्टर. हे सारे किलो पुढच्या ॲक्सलवरून उतरतात, त्यातले बॉनेट तर उंचावरून. वळताना बाहेरच्या टायरवर सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो, म्हणून उंचावरचा किलो तळच्या किलोपेक्षा आधी गेला पाहिजे. शर्यतीचे संघ किमान वजनाच्या नियमाखाली जाईपर्यंत गाडी हलकी करतात आणि मग कमी पडलेले वजन शिशाच्या विटांनी तळाशी भरून काढतात, ते यासाठीच. काट्यावर आकडा तोच, गाडी वेगळी.

आणि हे सगळे भाग नटबोल्टांनी बसतात. मूळ भाग तेल लावून माळ्यावर ठेवता येतो, उद्या परत बसवता येतो. मला याचे महत्त्व फार वाटते. १९६९ मध्ये शेव्हरोलेने सात लिटरचे संपूर्ण ॲल्युमिनियमचे 'झेडएल-१' इंजिन बसवलेल्या कॅमॅरो बनवल्या, त्या अवघ्या ६९. अशा गाड्या आता तंत्रज्ञानाच्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. जुन्या पोथीचे पान हलके व्हावे म्हणून कोणी समास कापत नाही. आम्ल आणि करवत यांनी गेलेला किलो परत येत नाही; पान्याने काढलेला येतो. मालकाची गाडी, मालकाची मर्जी, हा युक्तिवाद कायद्यात चालेल. मला तो पुरेसा वाटत नाही.

आजचा पहिलवान कसा आहे म्हणाल, तर डॉजने २०२४ मध्ये आणलेली विजेवरची चार्जर २६०० किलोंच्या पुढे जाते. तिच्या १९६० च्या दशकातल्या नावबंधूपेक्षा सुमारे एक टन जास्त. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि ब्रेक लावताना काही ऊर्जा परतही मिळते, हे मान्य. पण टायर, रस्ता आणि समोरून येणारी छोटी गाडी यांना तो टन सोसावाच लागतो.

शिक्षकांना एक विनंती. १००० किलोच्या मोटारीचे उदाहरण जरूर घाला, पण त्याखाली आणखी एक ओळ लिहा: यातले २० किलो टपावरून काढून तळाशी ठेवले तर कोणती उत्तरे बदलतील आणि कोणती बदलणार नाहीत? सरळ रस्त्यावरचे त्वरण बदलणार नाही, वळणावरचा भार बदलेल; मुले भांडतील, आणि ते भांडण ऐकण्यासारखे असते.

बॅटरीचा प्रयोग तर प्रयोगशाळेशिवाय होतो. स्वयंपाकघरातले दोन सारखे वजनकाटे घ्या. त्यांवर एकेक पट्टी उभी ठेवा, पट्ट्यांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर राहू द्या आणि वर चार किलोंच्या आसपासची लांब फळी मधोमध आडवी ठेवा. फळी दोन्ही बाजूंना पट्टीच्या पुढे वीतभर आली पाहिजे. दोन्ही काट्यांवरचे आकडे लिहून घ्या. आता वाण्याकडचे एक किलोचे माप उजव्या पट्टीच्या बाहेर १० सेंटिमीटरवर ठेवा. डावा काटा सुमारे १६७ ग्रॅम उतरतो आणि उजवा १ किलो १६७ ग्रॅमने चढतो. एक किलोचे माप ठेवून काटा त्याहून जास्त दाखवतो हे पाहून, काटा बिघडला आहे असे म्हणणारा वर्गात एक तरी निघतोच. त्याला काट्यांची अदलाबदल करायला सांगा.